पायलीनं चोरी, पोत्यानं व्यापार

आप्पांच्या वाड्यात, माळवदाखालच्या खोलीत, एक पत्र्याची पेटी आहे. आप्पा म्हणजे आमच्या भागातले माजी आमदार. पक्ष सांगत नाही, कारण त्यांनी दोन बदलले आणि तिसऱ्यानं तिकीट दिलं नाही. मागच्या दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा त्यांनी ती पेटी उघडली. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतींचे ठराव, कुठल्याशा पाझर तलावाच्या भूमिपूजनाचे फोटो आणि मधेच एक पिवळा पडलेला कागद. पक्षादेश, म्हणजे व्हिप. अमुक तारखेला पूर्ण वेळ सभागृहात हजर राहावे व पक्षाच्या बाजूने मतदान करावे. खाली तीन ठळक रेघा, प्रतोदांची सही, कोपऱ्यात आप्पांची पोच.

"विषय काय होता आप्पा?"

"आता कसं आठवंल गुरुजी? आम्हाला तवाच म्हाईत नव्हता."

आप्पांना मी दोष देत नाही. त्या दिवशी त्यांच्या बाकावर बसलेल्या बहुतेकांची गत तीच असणार. हे बोलून दाखवतात, एवढंच.

प्रतोद हा शब्द कोशात काढून बघा. चाबूक, बैल हाकायची पराणी, असा अर्थ निघतो. ज्यानं कुणी तो निवडला त्याला शेतीतलं कळत असावं. मात्र शेतकरी पराणी येताजाता टोचत नाही. शिकलेला बैल तासाला लागला की ती खांद्यावरच असते. आणि चालता बैल एकाएकी अडला तर शहाणा माणूस आधी खाली उतरतो, पुढं खड्डा आहे का बघतो, मग ठरवतो टोचायचं की नाही. आपल्या पक्षांना हे दुसरं अंग कधी जमलं नाही. अडलेला आमदार म्हणजे फुटलेला आमदार, असा सरळ हिशेब.

गेली काही वर्षं आपण निष्ठावंत आणि गद्दार या दोन शब्दांवर भांडतोय. पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत. माझ्या मते हे भांडण चुकीच्या बांधावर चाललंय. मराठवाड्यातल्या आमदारांना वाकता येत नाही असं अजिबात नाही. स्वतःची गरज आली की ते वाटेल तसे वाकतात. मुलखाचा प्रश्न आला की मात्र त्यांना पक्षशिस्त आठवते.

जून २०२२ आठवा. शिवसेनेचे आमदार सुरतेकडे निघाले त्या रात्री धाराशिवचे कैलास पाटील गुजरातच्या हद्दीजवळ गाडीतून उतरले आणि पावसात पायी, मग कुणाच्या दुचाकीवर, मग ट्रकमधून मुंबईला परत आले. इकडं कळमनुरीचे संतोष बांगर हिंगोलीत लोकांपुढं रडले, गेलेल्यांनी परत यावं म्हणाले, आणि ४ जुलैला विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी शिंदे गटाच्या बाजूनं उभे राहिले. पहिला प्रसंग ऐकून छाती फुगते, दुसऱ्यावर विनोद झाले. पण पुढचं कुणी फारसं बोलत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघंही निवडून आले. एकाला निष्ठेचं बक्षीस मिळालं म्हणावं, तर दुसऱ्याला शिक्षा कुठं झाली? मतदारानं दोघांकडं बघताना दुसरंच काहीतरी मोजलं. रस्ता, दवाखान्यातली ओळख, जात, उमेदवाराचा रात्री अकराला उचलला जाणारा फोन, असं बरंच काही. त्यात निष्ठेचं वजन किती, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

त्याच निवडणुकीत नांदेडात याहून मजेशीर घडलं. २० नोव्हेंबर २०२४ ला तिथं विधानसभेसोबत लोकसभेची पोटनिवडणूकही होती. नांदेड लोकसभेत येणाऱ्या सहाही विधानसभा जागा महायुतीला गेल्या आणि लोकसभा १,४५७ मतांनी काँग्रेसकडं राहिली. तेच बूथ, तीच शाई, तोच माणूस. एका यंत्रावर एक चिन्ह दाबलं, शेजारच्या यंत्रावर दुसरं. "आमच्या लोकांना पक्षच लागतो, आम्ही काय करणार" असं म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी हा निकाल फ्रेम करून लावावा.

आता कायद्याकडं येऊ. हरियाणात १९६७ मध्ये गयालाल नावाच्या आमदारानं पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला, त्यावरून 'आयाराम गयाराम' निघालं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. १९८५ मध्ये ५२वी घटनादुरुस्ती झाली, पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं. तेव्हा एक तृतीयांश फुटले तर चालत होतं. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीनं ती वाट बंद केली आणि दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट ठेवली. एकट्यादुकट्या आमदारानं पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, किंवा मतदानाला नुसता गैरहजर राहिला, आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही, तर त्याची आमदारकी जाऊ शकते. २०२२ मध्ये सेनेच्या ५५ पैकी ४० जण बाजूला झाले. त्यांना विलीन व्हायचीही गरज पडली नाही. आम्हीच खरा पक्ष, असं ते म्हणाले. अध्यक्षांचा निकाल १० जानेवारी २०२४ ला, म्हणजे दीड वर्षानं लागला. कुणीच अपात्र नाही, ना इकडचा ना तिकडचा. १५ फेब्रुवारीला राष्ट्रवादीच्या बाबतीतही तेच.

मोंढ्यातल्या माझ्या एका आडत्या मित्रानं हा सगळा कायदा एका ओळीत सांगितला. "पायलीनं विकलं तर चोरी, पोत्यानं विकलं तर व्यापार." मी त्यात एवढीच भर घालतो की पायलीवाला बहुधा विकतही नसतो. एखाद्या विधेयकातलं एखादं कलम माझ्या तालुक्याला घातक आहे, एवढंच त्याला म्हणायचं असतं. कायदा त्याला आणि सत्तेसाठी रातोरात हॉटेल गाठणाऱ्याला एकाच तागडीत घालतो, आणि पकडतो तो याला.

सोवळ्याचं म्हणाल तर आपल्या थोरामोठ्यांनीही ते अधूनमधून सोडलेलं आहे. शंकरराव चव्हाणांनी काँग्रेसपासून दूर होऊन स्वतःची वेगळी काँग्रेस काढली, १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या मंत्रिमंडळात बसले, परत आले आणि १९८६ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलासराव १९९५ ला लातुरात पडले, पुढं बंड करून विधान परिषदेला उभे राहिले, थोडक्यात हरले, आणि १९९९ ला त्याच काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले. नांदेड आणि लातूरनं दोघांनाही डोक्यावर घेतलं, आजही घेतात. तेव्हा पक्ष सोडणं हे आमच्याकडं कधीच महापाप नव्हतं. ते पाप होतं की नाही हे सोडणारा किती मोठा, यावर ठरतं.

आणि पक्षांपलीकडची सोयरीक? तिची तर आमच्याकडं रेलचेल आहे. विलासराव आणि गोपीनाथ मुंडे यांच्या दोस्तीचे किस्से अजून रंगतात. कुठल्याही मोठ्या लग्नात जा, पुढच्या सोफ्यावर चार पक्षांचे चार आमदार एकमेकांच्या मांडीवर हात ठेवून बसलेले असतात. बाजार समितीची निवडणूक लागली की सर्वपक्षीय पॅनल होतं. जिल्हा बँकेत, कारखान्यात तसंच. कालपर्यंत एकमेकांचे बॅनर फाडणारे कार्यकर्ते एकाच जीपमधून सोसायटीच्या मतदारांना आणायला निघतात. समंजसपणा, तडजोड, व्यवहार बघणं, हे सगळं आमच्या पुढाऱ्यांना उत्तम येतं. ऊस हा तर असा विषय आहे की त्यावर सगळ्या पक्षांचं कायमचं एकमत आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यातही ऊस कमी करा असं स्वतःच्या मतदारसंघात, स्वतःच्या कारखान्याच्या गेटसभेत म्हणणारा आमदार माझ्या पाहण्यात आला नाही. तिथं पक्षादेश लागत नाही.

मग पक्ष आडवा येतो कुठं? जायकवाडीला चला.

पैठणच्या या धरणाचा, म्हणजे नाथसागराचा, उपयुक्त साठा साधारण ७६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. तो भरायचा की नाही हे ठरतं वर, नाशिक आणि नगरच्या धरणांत, दारणा, गंगापूर, मुळा, भंडारदऱ्यात. २००५ च्या कायद्यानं खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप मान्य केलं. २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं आकडाही दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. कागदावर इतकं स्वच्छ. पण पावसानं दगा दिला की दरवेळी तेच. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला आणि पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबर संपत आला. मधल्या दिवसांत कोरड्या पात्रात किती पाणी मुरलं असतं, किती पोचलं असतं, यावर अभियंते बोलत राहिले आणि आमचे ऊस-मोसंबीवाले आभाळाकडं बघत राहिले.

या भांडणात पक्ष कुठं असतो ते नीट बघा. एकाच पक्षाचा आमदार संभाजीनगरात म्हणतो, हक्काचं पाणी मिळालंच पाहिजे. त्याच पक्षाचा दुसरा आमदार गोदावरीच्या वरच्या अंगाला म्हणतो, एक थेंबही जाऊ देणार नाही. पहिल्याचं निवेदन संभाजीनगरच्या आवृत्तीत छापून येतं, दुसऱ्याचं नगर-नाशिकच्या. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचायची सवय कुणाला नाही, त्यामुळं पक्षाचं काही बिघडत नाही. आणि मतदान? ते होतच नाही. या विषयावर पक्षादेश काढला तर पक्ष मधोमध चिरेल, हे सगळ्याच पक्षांना कळतं. म्हणून विषय सभागृहात निकाली निघत नाही. तो कोर्टात जातो, अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो. आमदार निवेदन देतात, फार तर पायऱ्यांवर बसतात. पाणी द्यायचं की नाही यावर आपल्या आमदाराचं नाव कुठल्या बाजूला लागलं, हे मराठवाड्यातल्या एकाही माणसाला दाखला देऊन सांगता येणार नाही. तो दाखला तयारच होत नाही.

याहून उघडंनागडं उदाहरण विकास मंडळांचं. घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली. त्यामागं दांडेकर समितीनं मोजलेला अनुशेष, म्हणजे विकासातली मागं राहिलेली तूट होती, गोविंदभाई श्रॉफांसारख्यांची वर्षानुवर्षांची तगमग होती. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. मार्च २०२१ मध्ये विधानसभेत हा विषय निघाला तेव्हा तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मुदतवाढ राज्यपालांकडं अडकलेल्या विधान परिषदेच्या १२ आमदारांच्या नियुक्तीशी जोडली. आमचे १२ द्या, मग मंडळं घ्या, असा त्याचा अर्थ. विरोधकांनी गदारोळ केला, तो रास्तच होता. पण त्या दिवशी सत्तेच्या बाकांवर मराठवाड्याचे आमदार होते. त्यांच्या मुलखाचा अनुशेष कुणाच्या तरी परिषदेच्या जागांसाठी गहाण पडत होता, आणि त्यांनी बाक सोडले नाहीत. पुढं सरकार बदललं, बाकांची अदलाबदल झाली. आरडाओरडा करणारे गप्प बसायला शिकले, गप्प बसलेले ओरडायला शिकले. ही निष्ठा असेल तर ती नेमकी कुणाशी, हे विचारायचा हक्क मला आहे.

इथं एक जड आक्षेप येतो. तो मला आमच्याच गावच्या, राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका पोरानं घातला. म्हणाला, "सर, २८८ मधले आपले ४६. उद्या प्रत्येकानं मुलखाप्रमाणे मत दिलं तर आपण रोज हरू. पक्ष आहे म्हणून निदान कुणीतरी आपली गरज ठेवतो." बरोबर आहे. मीही बराच काळ असाच विचार करायचो. पण गरज ठेवणं आणि किंमत देणं यात अंतर आहे. हमखास येणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार सूट देत नाही, तो बिचकत उभा असलेल्याला बोलावतो. ४६ मतं न विचारता मिळणार असतील तर त्यांच्यासाठी मुंबईत कोण जागणार? त्यातली दहा जण एखाद्या विधेयकावर, सरकार न पाडता, 'हे कलम बदला, नाहीतर आम्ही विरोधात' असं म्हणू शकले, तर हिशेब बदलतो. आज तसं म्हणायची सोय नाही. म्हणायचं असेल तर थेट पक्षच सोडावा लागतो, तोही पोत्यानं. मग जे जातात ते "मतदारसंघाच्या विकासासाठी" जातात. या शब्दांत थोडी खरी गोष्ट आहे, ती नाकारू नये. आमदार निधी सगळ्यांना सारखा, वर्षाला ५ कोटी. पण रस्ता, पूल, बंधारा यांचं मोठं काम मंत्र्याच्या मर्जीनं निघतं, आणि विरोधी बाकावरच्याची फाइल सरकत नाही ही तक्रार आज या पक्षाची असते, उद्या त्या. फाइल सरकवायला माणूस उडी मारतो. त्याला मी व्यवहारी म्हणेन, समंजस मात्र म्हणणार नाही. समंजस माणूस जागेवर राहून नाही म्हणतो, आणि ते उडी मारण्यापेक्षा अवघड असतं.

एक गोष्ट मात्र मला टोचते, ती लपवत नाही. २७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमतानं केला. सरकार होतं पुलोदचं, नऊ दिवसांचं. ज्याला लोक पाठीत खंजीर म्हणतात त्यातून जन्मलेलं. फुटीतून आलेल्या सरकारनं आमच्या इतिहासातला एक सर्वांत न्याय्य ठराव केला, हे निष्ठेची पोथी वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पण तो मलाही अडचणीचा आहे. त्या दिवशी मराठवाड्याच्या आमदारांनी आपापल्या मतदारसंघातला आवाज ऐकून मत दिलं असतं, तर ठराव एकमतानं झाला नसता. इकडं गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तेव्हा आमदारानं मतदारसंघाचा भोंगा व्हावं असं मी म्हणूच शकत नाही. कधी कधी लोकांच्या पुढं चार पावलं टाकावी लागतात.

फक्त पुढं गेलेल्यानं मागं वळून हाक मारावी लागते. मुंबईत हात वर केलेल्यांपैकी किती जण त्या ऑगस्टमध्ये आपापल्या तालुक्यात आले, वेशीत उभे राहिले आणि म्हणाले की होय, मी मत दिलं, कारण ते योग्य होतं? एकमत स्वस्त पडलं होतं. कुणाचं नाव वेगळं निघालं नाही, म्हणून कुणाला उत्तरही द्यावं लागलं नाही. वस्त्यांनी मात्र किंमत मोजली. मराठा आरक्षणाचंही मला तसंच दिसतं. २०१८ चा कायदा एकमतानं झाला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. २० फेब्रुवारी २०२४ ला एका दिवसाच्या अधिवेशनात पुन्हा एकमत. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, बीड जिल्ह्यात आमदारांची घरं पेटवली गेली. घर जळण्याची भीती खरी असते, तिची टिंगल करू नये. पण भीतीनं झालेल्या एकमताला समंजसपणा म्हणायचं आपण थांबवलं पाहिजे. कोर्टात हा कायदा टिकेल का, टिकायचा तर काय करावं लागेल, हे उभ्या सभागृहात दोन तास उकलून सांगणारा मराठवाड्याचा एक आमदार मला हवा होता. मग तो कुठल्या का पक्षाचा असेना.

करता येण्याजोगं काय आहे, तर ते नवीन नाही. दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच सुचवलं होतं की पक्षादेश मोडल्यानं आमदारकी-खासदारकी जायची ती फक्त सरकारवरच्या विश्वासाच्या मतदानापुरती. मी त्यात अर्थसंकल्प धरतो, कारण पैशाशिवाय सरकार चालत नाही. बाकी सगळ्यावर आमदाराला मोकळं सोडा. पक्षानं समजवावं, रागवावं, पुढं तिकीट नाकारावं, तो त्याचा हक्क आहे. आमदारकी मात्र काढू नये. यावर 'मग पैसेवाले एकेकाला विकत घेतील' असं म्हणतात. घेतीलच, पण आज चाळीस एकदम घेतात, तेव्हा त्या भीतीत आता फार दम राहिलेला नाही. त्यापेक्षा मला दुसरी अट महत्त्वाची वाटते. आवाजी मतदान कमी करा. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत आहे. या एका दमात कित्येक कायदे होऊन गेले. कुणी पोल मागितला तरच डोकी मोजली जातात. पाणी, अनुशेष, आरक्षण, पीकविमा यांवर नावानिशी मत नोंदवा आणि दुसऱ्या दिवशी ती यादी तहसीलच्या फळ्यावर लावा. मग कोण निष्ठावंत आणि कोण गद्दार ते आम्ही आमचं बघू.

हे सगळं मी आप्पांना पेटीपुढं बसून ऐकवलं, थोडं तावातावानंच. त्यांनी पक्षादेश घडी घालून लग्नपत्रिकांखाली सरकवला. मी विचारलं, तुमच्या इतक्या वर्षांत पटलं नाही म्हणून विरोधात गेलात असं कधी झालं का?

"विरोधात न्हाई. पर आवाजी असलं आन पटत नसलं की मी उठून कॅन्टीनला जायचो."

"आणि कुणी विचारलं नाही, कामून गेलात?"

"कोन इचारंल? तिथं जाऊन बघितलं तर आपल्याकडचे चार-पाच जण आधीच बसलेले असायचे. सगळ्या पक्षांचे."